घरातली जुनी, हाताने भरलेली काडतुसे : उघडायची नाहीत, जमा करायची

शेतीसंरक्षण बंदुकीचा परवानाधारक वारला की बंदुकीचं काय करायचं हे घरच्यांच्या लक्षात असतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातली काडतुसं मात्र विसरली जातात. घर पाडताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत ती सापडतात. मग छर्र्यांचं शिसं मासेमारीच्या जाळ्याला लावू, पितळ भंगारात घालू, असं कुणाच्या तरी मनात येतं. हा विचार जिवावर बेतू शकतो.

काडतुसात काय असतं?

बारा बोअरच्या काडतुसाला पितळी बूड आणि त्यावर कागदाची किंवा प्लास्टिकची नळी असते. बुडाच्या मधोमध कॅप, आत दारू, दारूवर नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती आणि त्यावर शिशाचे छर्रे. कॅपमधला मसाला ठोक्याने पेटतो आणि दारूला पेटवतो. वर्षानुवर्षं पडून राहिलं म्हणून काडतूस मेलं असं धरू नये. पाण्यात किंवा रॉकेलात भिजवूनही कॅप निकामी झाल्याची खात्री देता येत नाही.

हाताने भरलेलं जास्त धोक्याचं का?

पूर्वी शिकारी लोक उडवलेली रिकामी कवचं पुन्हा भरत. त्यात काळी दारू आहे की बिनधुराची, आणि किती, हे बाहेरून कळत नाही. काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. ती साध्या ठिणगीने भडकते. बिनधुराची दारू काळ्या दारूच्या मापाने भरली असेल, तर बंदुकीची नळीच फाटू शकते.

जाणकारही काय पाळतात?

अमेरिकेत घरी काडतूस भरणं हा कायदेशीर छंद आहे. चुकीचं भरलेलं रायफलचं काडतूस तिथे पोकळ डोक्याच्या खास हातोड्यात अडकवून आपटतात. धक्क्याने गोळी निसटते, दारू पोकळीत पडते. गोळी आणि कवच पुन्हा वापरतात. दारू मात्र कोणती याची स्वतःची नोंद असेल तरच. अनोळखी दारू कधीच नाही. आजोबांच्या डब्याला अशी नोंद नसते.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम 1959 नुसार काडतुसाचे सुटे भागही 'दारूगोळा' या व्याख्येत येतात. ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही, तर कलम 21 प्रमाणे शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. परवानाधारकाच्या वारसांनाही हेच लागू होतं.

सापडल्यावर काय करावं?

- डबा हलवू, आपटू नका. पोरांना लांब ठेवा.
- जवळ विडी, चूल, दिवा नको.
- कॅपवर खिळा, हातोडी चालवू नका.
- चुलीत, विहिरीत, नदीत टाकू नका. भंगारवाल्याला देऊ नका. आगीत कवच फुटून पितळेचे तुकडे उडतात.
- शिसं घरच्या चुलीवर वितळवू नका. ते विषारी आहे.
- आधी पोलीस ठाण्याला किंवा 112 ला फोन करा, ते सांगतील तसं करा.
- जुना परवाना, मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. जमा केल्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या आणि जपून ठेवा.