बोगदा-कामगार, भुयारी रेल्वेचे

भुयारी रेल्वेसाठी जमिनीखाली मार्ग खणणारे कामगार. त्यांच्या आधुनिक कार्यपद्धतीचा पाया लंडनमध्ये टेम्स नदीखालील बोगद्याच्या कामात घातला गेला. मार्क इझंबार्ड ब्रूनेल (१७६९–१८४९) यांनी १८२५ मध्ये सुरू केलेल्या या कामात ३६ कप्प्यांची लोखंडी ढाल वापरण्यात आली. प्रत्येक कप्प्यातील कामगार समोरची एकेक फळी काढून तेवढ्याच जागेतील माती सु. ११ सेंमी. खोल खणी व फळी पुन्हा बसवी. नंतर चौकट पुढे रेटली जाई आणि मागे गवंडी विटांचे अस्तर बांधीत. ढालीमुळे माती कोसळण्याचे भय कमी झाले. मात्र झिरपणारे दूषित पाणी व विषारी वायू यांमुळे अनेक कामगार आजारी पडले. १२ जानेवारी १८२८ रोजी नदीचे पाणी आत घुसून सहा जण मृत्युमुखी पडले. हा बोगदा १८४३ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला झाला. त्यातून रेल्वे १८६९ मध्ये धावली.

पुढे जेम्स हेन्री ग्रेटहेड (१८४४–९६) यांनी सिटी अँड साउथ लंडन रेल्वेच्या (१८९०) बोगद्यांसाठी वर्तुळाकार ढाल वापरली व पाणथळ थरांत दाबयुक्त हवेने पाणी थोपविले. तथापि अशा हवेतून एकदम बाहेर आल्यास शरीरात नायट्रोजनाचे बुडबुडे होऊन सांध्यांत तीव्र वेदना, पक्षाघात व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. दाब टप्प्याटप्प्याने उतरविण्याची शास्त्रीय कोष्टके जे. एस. हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनी १९०८ मध्ये पाणबुड्यांसाठी प्रसिद्ध केली. अशा रीतीने भूस्तर सावरण्याचे तंत्र आधी प्रगत झाले; कामगाराचे शरीर सांभाळण्याचे शास्त्र बऱ्याच उशिरा आले.