रस्ता नसलेल्या मुलखातील चाके : परभणी जिल्ह्यातील वाहन-रूपांतराचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : वाहन-रूपांतर, पिकअप, जीप, टायरगाडी, मुक्काम, स्थलांतर, मोटार वाहन कायदा, परभणी जिल्हा

प्रस्तावना

मालवाहू पिकअप वाहनाची जमिनीपासूनची उंची वाढवावी, त्याला रुंद टायर बसवावेत, मागील हौद्यावर तंबू किंवा छोटेखानी स्वयंपाकघर उभारावे आणि डोंगरवाटांनी भ्रमंतीस निघावे, हा छंद अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत रुजला आहे. २०१६ मध्ये इसुझू कंपनीने 'डी-मॅक्स व्ही-क्रॉस' व २०२२ मध्ये टोयोटा कंपनीने 'हायलक्स' ही वाहने भारतीय बाजारात आणल्यानंतर या छंदास अधिकच चालना मिळाली. हा छंद पाश्चात्त्य जीवनशैलीचे अनुकरण आहे, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. छंदापुरता तो खरा मानला, तरी वाहनात स्वतःच्या गरजेनुसार बदल करून बिकट वाटेने जाणे आणि त्याच वाहनाच्या आश्रयाने मुक्काम करणे ही कृती महाराष्ट्राला नवीन नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात तिला दीर्घ परंपरा आहे. मात्र ही परंपरा हौसेतून निर्माण झालेली नसून रस्त्याच्या अभावातून व पोटाच्या गरजेतून निर्माण झालेली आहे.

या परंपरेचे टप्पे स्थूलमानाने मांडणे आणि वर्तमान कायदा व धोरण यांचा तिच्याशी असलेला संबंध तपासणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे होत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या काळाचा विचार करताना हा संपूर्ण टापू विचारात घेतला आहे.

काळी जमीन आणि गाडीचे चाक

परभणी जिल्ह्याच्या वाहतुकीचा इतिहास येथील जमिनीपासून सुरू होतो. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन कापूस व ज्वारीला अनुकूल असली, तरी चाकाला ती प्रतिकूल आहे. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात व उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. त्यामुळे पावसाळ्यात चाक रुतते आणि उन्हाळ्यात तीच वाट खाचखळग्यांची होते. जिंतूर तालुक्यातील डोंगराळ भागात याच्या जोडीला दगडधोंडे व चढउतार येतात.

मध्ययुगात व त्यानंतरही दीर्घकाळ या मुलखातील मालवाहतूक लमाण-बंजारा समाजाच्या बैलांच्या तांड्यांवर अवलंबून होती. चाकाला वाट नसेल तेथे पाठीवर माल नेणारा बैल जाऊ शकत असे. सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनमध्ये वावरणाऱ्या सैन्यांना धान्य पुरविण्याचे काम या तांड्यांनी केले. माल, कुटुंब आणि निवारा एकत्र वाहून नेणारी ही व्यवस्था होती. 'तांडा' हा शब्द पुढे स्थिर वस्तीचे नाव झाला, ही बाब लक्षणीय आहे.

लाकडी बैलगाडीच्या रचनेतही जमिनीचे भान दिसून येते. मोठ्या व्यासाचे चाक खळग्यात सहज अडकत नाही आणि गाडीची साटी चिखलापासून वर राहते. मात्र लोखंडी धाव अरुंद असल्याने ओल्या जमिनीत ती खोल जाते. विसाव्या शतकात हवा भरलेल्या रबरी टायरची बैलगाडी आली, तेव्हा हा दोष बराचसा कमी झाला. भार रुंद पृष्ठभागावर विभागला गेला, धक्के घटले आणि बैलांना अधिक ओझे ओढणे शक्य झाले. ग्रामीण भागात तिला 'टायरगाडी' किंवा टायर बनविणाऱ्या कंपनीच्या नावावरून 'डनलॉप' असे नाव मिळाले. पिकअपला रुंद टायर बसविणारा आजचा हौशी प्रवासी ज्या तत्त्वाचा अवलंब करतो, तेच हे तत्त्व होय.

रेल्वे, बस आणि जीप

१९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेमार्ग परभणी व पूर्णा या गावांवरून सुरू झाला. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक बससेवेस आरंभ केला. तथापि रेल्वे रुळांपुरती व बस पक्क्या सडकेपुरती मर्यादित राहिली. स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर पूर्वीप्रमाणेच गाडीबैलाने किंवा पायी तोडावे लागे. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. परंतु रस्त्यांचा अनुशेष या प्रत्येक राजवटीकडून पुढच्या राजवटीकडे गेला.

या पार्श्वभूमीवर जीपचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. अमेरिकी सैन्याच्या १९४० मधील मागणीतून जन्मलेले हे वाहन दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी उपयोगात आले. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेली 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि तिने विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळत असल्याने एक चाक रुतले तरी दुसरे वाहनास पुढे ओढते, हे जीपचे वैशिष्ट्य काळ्या जमिनीस विशेष उपयुक्त होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमामुळे आणि १९६२ पासून कार्यरत झालेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांमुळे सरकारी जीप खेड्याच्या वेशीपर्यंत पोहोचली. ग्रामस्थांच्या दृष्टीने ती सत्तेची खूण होती.

जीपचे खरे सामाजिक रूपांतर पुढे झाले. सरकारी सेवेतून बाद झालेल्या जीपगाड्या लिलावात खासगी मालकांकडे जात. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसविणे, मागचा भाग लांबविणे, समोरासमोर बाके टाकणे, टपावर सामानासाठी जाळी बसविणे, कमानपाट्यांत एखादा जादा पाटा घालणे असे बदल स्थानिक कारागीर करीत. पुढील दशकांत मराठवाड्यातील आडमार्गांवर 'काळी-पिवळी' या नावाने ओळखली गेलेली प्रवासी जीप याच प्रक्रियेचा पुढचा टप्पा होय. एस.टी. जेथे जात नव्हती तेथे बाजारकरू, विद्यार्थी व रुग्ण यांची ने-आण तिने केली.

मालवाहतुकीतही असाच क्रम दिसतो. १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकीमुळे 'टेम्पो' हे सामान्यनाम मराठीत रूढ झाले. त्यानंतर १९८६ मध्ये 'टाटा ४०७', १९८८ मध्ये टाटांचा 'मोबाइल २०६' हा पिकअप आणि मे २००५ मध्ये 'छोटा हत्ती' म्हणून लोकप्रिय झालेला 'टाटा एस' ही वाहने आली. महिंद्राच्या बोलेरो पिकअपने तर भाजीपाला, जनावरे, शेतीअवजारे आणि वऱ्हाडी अशी सर्वच कामे अंगावर घेतली.

चाकांवरचा मुक्काम

भ्रमंतीच्या छंदात वाहन-रूपांतराइतकेच महत्त्व मुक्कामाला असते. परभणी जिल्ह्यात अशा मुक्कामाची तीन रूपे ठळकपणे आढळतात.

पहिले रूप वारीचे आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात आहे, तर संत नामदेवांचे नर्सी हे पूर्वी परभणी जिल्ह्यात मोडत असे. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखीही परभणी-गंगाखेड मार्गाने जाते. वारकरी पायी चालत असला तरी दिंडीबरोबर एखादा ट्रक, टेम्पो किंवा पिकअप असतोच. राहुट्या, ताडपत्र्या, शिधा, मोठी भांडी, शेगड्या व आजारी वारकऱ्यांची वळकटी या एकाच वाहनात शिस्तीने बसविलेली असते. सर्वप्रथम लागणारी वस्तू फाळक्याजवळ आणि शेवटी लागणारी आत, हा रचनेचा नियम दिंडीतील स्वयंपाक्यांना अनुभवाने ठाऊक असतो.

दुसरे रूप फिरत्या करमणुकीचे होय. तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीज जत्रांच्या वेळापत्रकानुसार फिरत. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत भरणारा हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस मराठवाड्यातील अशाच मोठ्या मेळ्यांपैकी एक आहे. टुरिंग टॉकीजवाल्यांनी जुन्या ट्रकच्या पाठीवर प्रोजेक्टरची खोली उभारली. दिवसा तेच वाहन सामान वाहून नेई, रात्री त्यातून पडद्यावर प्रकाशझोत पडे आणि खेळ संपल्यावर त्याच्या आसऱ्याने माणसे झोपत. या लयाला जाणाऱ्या जगावरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला.

तिसरे रूप सर्वांत कष्टाचे आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या परिसरातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा पिकअप यांत कोयते, धान्याची पोती, भांडी, शेळ्या, कोंबड्या व लेकरे एकत्र असतात. हौद्यावर बांबूच्या कमानी वाकवून त्यावर ताडपत्री ताणली की प्रवासापुरते छप्पर तयार होते. पोहोचल्यावर तीच ताडपत्री कोपीवर चढते. या निवासाला कोणी 'कॅम्पिंग' म्हणत नाही. तथापि वाहन, छप्पर, चूल आणि पाणी यांची जुळणी करण्याचा जो प्रश्न छंदप्रेमींसमोर असतो, तोच प्रश्न ही कुटुंबे सहा महिन्यांसाठी सोडवितात.

जागतिक संदर्भ

वापरणाऱ्याने आधी बदल करावा आणि कारखान्याने त्यामागून जावे, हा क्रम अन्यत्रही दिसतो. अमेरिकेत १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड 'मॉडेल टी' मोटारीच्या मागील भागात शेतकरी स्वतःच लाकडी पेटी बसवून माल नेत असत. फोर्ड कंपनीने कारखान्यात तयार केलेला पिकअप १९२५ मध्ये विक्रीस आणला. ऑस्ट्रेलियात रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरे घेऊन बाजाराला नेता येईल असे वाहन एका शेतकरी स्त्रीने पत्र लिहून मागितले होते, असे सांगितले जाते. फोर्डच्या तेथील कारखान्याने १९३४ मध्ये तसे वाहन बनविले. अमेरिका व ऑस्ट्रेलियातील त्या शेतकऱ्यांची नोंद वाहन-इतिहासात झाली. मराठवाड्यातील कारागिरांची तशी नोंद झालेली नाही.

कायदा, धोरण आणि विषमता

वाहन-रूपांतराकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी उत्तरोत्तर कठोर झाली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती होऊन उत्पादकाने मूलतः नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका दृढ केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या कठोरतेमागे शास्त्रीय कारण आहे, हे नाकारता येणार नाही. वाहन उंच केले की त्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो व वळणावर ते कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या व्यासाच्या टायरमुळे वेगदर्शक खरा वेग दाखवीत नाही आणि ब्रेकवर ताण येतो. जादा पाट्याने गाडी अधिक भार पेलते, परंतु चौकट व ब्रेक मूळचेच राहतात. अनुभवसिद्ध कौशल्य आणि तपासणी यांत येथे अंतर पडते.

परंतु धोरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. मोटार-कॅरॅव्हॅनसाठी 'एआयएस-१२४' हे तांत्रिक मानकही उपलब्ध आहे. म्हणजे पर्यटकाने वाहनात झोपावे, स्वयंपाक करावा यासाठी मानक, परवाना व उत्तेजन यांची सोय झाली. ऊसतोड कुटुंब मात्र मालवाहू वाहनाच्या हौद्यात बसते तेव्हा ते कायद्याच्या दृष्टीने प्रवासीच नसते. डिसेंबर २००२ मधील आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू वाहनातील प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय दिला. १९९४ च्या दुरुस्तीने मालाच्या मालकास किंवा त्याच्या प्रतिनिधीस संरक्षण मिळाले. पण हौद्यातील मजूर स्त्री आणि तिचे मूल यांच्यासाठी ते पुरेसे नाही. अपघात झाल्यास भरपाईचा भार वाहनमालकावर पडतो आणि तो बहुधा स्वतःच कर्जबाजारी असतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. परभणी जिल्ह्यातील वाहन-रूपांतर हे काळी जमीन, अपुरे रस्ते आणि हंगामी स्थलांतर यांस दिलेले सामूहिक उत्तर आहे. त्यास केवळ 'जुगाड' म्हणणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.

२. तांडा, टायरगाडी, लिलावातील जीप आणि ताडपत्रीचा पिकअप हे एकाच परंपरेचे टप्पे आहेत. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनंतर रस्ते सुधारले, पण स्थलांतर थांबले नाही. त्यामुळे रूपांतराची गरजही संपलेली नाही.

३. छंदासाठीच्या रूपांतरास धोरणाचा आधार आहे, उपजीविकेसाठीच्या रूपांतराच्या वाट्याला मात्र दंड येतो. पर्यटकांच्या कॅरॅव्हॅनसाठी जसे मानक तयार झाले, तसेच हंगामी मजुरांच्या प्रवासासाठी आसने, कठडे, छप्पर आणि विमा यांचा अंतर्भाव असलेले मानक तयार होणे शक्य आहे.

४. या कामी परभणीतच साधने आहेत. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या व आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि बैलचलित अवजारांवर तेथे संशोधन होत आले आहे. तेथील अभियंते आणि गावोगावचे कारागीर एकत्र आले, तर अनुभवाला तपासणीची जोड मिळेल.

जुने कारागीर हयात आहेत तोवर त्यांच्या मुलाखती, हिशेबवह्या व छायाचित्रे जमा करणे हे या भागातील इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य ठरते. गाडीला पाटा का वाढविला आणि ताडपत्रीखाली किती माणसे निजली, याचा हिशेब ठेवल्याशिवाय मराठवाड्याच्या रस्त्यांचा इतिहास पूर्ण होणार नाही.