सोलापूरचे आंदण

आदिलशाही आणि निजामशाहीच्या लढाया आपण शाळेत वाचतो. सुलतानांची नावे पाठ होतात. पण ही घराणी जोडणाऱ्या लेकीसुनांची नावे चांदबिबीपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात.

विजापूरच्या यूसुफ आदिलशहाची बेगम बूबूजी खानम. फिरिश्ता तिला मुकुंदराव या मराठ्याची बहीण म्हणतो. (आम्हाला 'बाहेरचे' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) १५१० मध्ये यूसुफ वारला. मुलगा इस्माईल अजून लहान, आणि कारभारी कमालखानाचा डोळा गादीवर. बूबूजीने त्याचा काटा काढविला. मग त्याच्या मुलाने वाड्याला वेढा दिला, तेव्हा इस्माईलची आत्या दिलशाद आगा चिलखत चढवून लढायला उभी राहिली, असे फिरिश्ता लिहितो.

बूबूजीच्या तिन्ही लेकी शाही घरांत पडल्या. एक बहमनींकडे, खदिजा वऱ्हाडच्या इमादशहाकडे, आणि मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे. मरियमचे लग्न १५२४ च्या सुमारास सोलापूरलाच झाले. अहमदनगरकर म्हणत, सोलापूर आंदण म्हणून कबूल झाले होते. विजापूरकर ते देईनात. लग्नाला वर्ष होते न होते तोच मेहुणे-मेहुणे रणांगणात समोरासमोर! पुढची चाळीस वर्षे हा किल्ला या दोन घरांत रक्त सांडत राहिला. मरियमचे मात्र सासरी कोणी ऐकले नाही. गादी तिच्या पोटच्याला मिळाली नाही. ती अमिनाच्या मुलाला, हुसेनला मिळाली.

याच हुसेनची लेक चांदबिबी. विजयनगरविरुद्ध एकी हवी होती, म्हणून साटेलोटे ठरले. चांदबिबी अली आदिलशहाला, तर अलीची बहीण हदिया चांदबिबीचा भाऊ मुर्तझा याला. आणि चांदबिबीचे आंदण कोणते? तेच सोलापूर. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, ती या सोयरिकीच्या बळावर.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. नऊ वर्षांच्या पुतण्याला, दुसऱ्या इब्राहिमला, तिने सांभाळले. पुढे १५९५ मध्ये मोगलांनी नगरला वेढा घातला तेव्हा ती माहेरच्या तटावर उभी होती, आणि मदतीला सासरचे सैन्य निघाले होते ते याच इब्राहिमने धाडलेले. वऱ्हाड देऊन तिने १५९६ मध्ये तह केला. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. ती तहाची भाषा बोलू लागताच 'फितूर' म्हणून तिच्याच लोकांनी तिला मारले. नंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

तिची आई खुंझा हुमायून. हुसेनच्या पश्चात काही वर्षे तिने राज्य चालविले. मग मुलानेच, मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. हुसेनच्या स्तुतीपर लिहिलेल्या आफताबीच्या काव्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या काही चित्रांत तो सिंहासनावर बसला आहे. शेजारी बेगम होती. तिच्यावर नंतर कोणीतरी रंग फासला आहे.