हट्टी नट-बोल्ट सोडवताना

ठाण्यातील कोलशेत परिसराला खाडीचा शेजार आहे. तिथली खारट, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा पहिला फटका मोटारीच्या तळाला बसतो. वरचा रंग शाबूत दिसतो. मात्र सायलेन्सरचे क्लॅम्प, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि चाकांचे नट गंजत जातात. सुटीच्या दिवशी सोसायटीच्या आवारात स्वतः दुरुस्ती करू पाहणाऱ्याचे काम बहुधा इथेच अडते.

गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील बारीक फट त्याने भरली की नट आणि बोल्ट जणू एकजीव होतात. अशा वेळी पान्याला पाइप अडकवून जोर लावण्याचा मोह होतो. दांडा दुप्पट लांब केला की पीळही दुप्पट बसतो, हे खरे; पण तेवढ्याने बोल्ट तुटला तर किरकोळ कामाचे रूपांतर ड्रिल मारून नवे आटे पाडण्यात होते.

त्याआधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करावेत आणि गंज सोडवणारे तेल फवारून काही तास, शक्य तर रात्रभर थांबावे. घरोघरी आढळणारे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत मुख्यतः पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले होते. फार जुन्या गंजासाठी आत झिरपणारे खास तेल अधिक उपयोगी पडते. हे तेल ब्रेकच्या डिस्कवर वा पॅडवर मात्र उडता कामा नये. नंतर बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. पाना सहा कोनांचा वापरावा. बारा कोनांचा पाना झिजलेल्या डोक्यावर चटकन घसरतो.

अडचणीच्या जागी गोटी पाना, लांब एक्स्टेंशन आणि वळणारा सांधा कामी येतो. सांध्याचा कोन जितका कमी, तितकी पकड चांगली. गाडीखाली आडवे पडल्यावर दिशेचा हमखास घोळ होतो. बोल्टच्या डोक्याकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवणे, हाच नेहमीचा नियम. बोल्ट किंचित हलला की पुन्हा थोडा आवळावा, तेल सोडावे आणि मागेपुढे करीत बाहेर काढावा.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. भक्कम स्टँड हवेतच. बर्नरने नट तापवण्याचा उपाय गॅरेजमध्ये दिसतो, पण पेट्रोलची नळी वा टाकी, रबरी बुश आणि नुकतेच फवारलेले तेल जवळ असताना घरी तो टाळावा. स्पार्क प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावेत, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधील आटे नाजूक असतात. ब्रेकच्या नळीचा नट किंवा ब्लीडर स्क्रू पहिल्या बेताच्या प्रयत्नात हलला नाही, तर गाडी सरळ मेकॅनिककडे द्यावी. तिथे हौसेला जागा नाही.

परत बसवताना सायलेन्सरच्या बोल्टला तांबेमिश्रित ग्रीस लावले तर पुढच्या वेळी कष्ट वाचतात. चाकांच्या नटांना मात्र, उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितले नसेल तर, ग्रीस लावू नये. आटे निसरडे झाले की तेवढ्याच जोरात ते प्रमाणाबाहेर आवळले जातात.