पॉजचं बटण कुणाच्या हातात? वर्गातल्या व्हिडिओची गोष्ट

आज गोष्ट वर्गातल्या व्हिडिओची. आमचं गडमुडशिंगी कोल्हापूरला लागूनच, म्हणून सुरुवात घरापासून करू. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याच सुमारास याच शहरात बाबूराव पेंटर स्वतःचा कॅमेरा घडवत होते. १९२० ला त्यांचा 'सैरंध्री' आला. शाळा आणि सिनेमा, दोन्ही एकाच गावात. पण दोघांची नीट गाठ पडायला आणखी साठेक वर्षं गेली.

देशातला पहिला मोठा प्रयोग म्हणजे 'साइट'. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचला. सकाळी शाळेतल्या पोरांसाठी, संध्याकाळी अख्ख्या गावासाठी. अँटेना कसली, तर कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या जाळीची! इंजिनिअर म्हणून मला हे लई आवडतं. पण त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आपली पाळी आली १९८४ ला. पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. मराठी पोरांसाठी, मराठीत, शाळेच्या विषयांवरचे कार्यक्रम इथे बनायचे आणि दूरदर्शनवर लागायचे. तुमच्या आईबाबांना विचारा, नुसतं नाव काढलं तरी चेहरा खुलेल.

आता यातली मेख बघा. कार्यक्रम ठरलेल्या वेळेला लागायचा. तेव्हा गुरुजींचा तास भूगोलाचा असो की गणिताचा, लाईट असो नसो. एखाद्या पोराला कळलं नाही तर? थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. कार्यक्रम चांगले होते, पण पॉजचं बटण पुण्यातही नव्हतं आणि वर्गातही नव्हतं. माझ्या मते हीच खरी अडचण होती. पुढे अनुदान आटलं, पगार रखडले आणि २०१७ साली संस्था बंद झाली. मराठीतलं एवढं काम असं गुंडाळलं जावं, याचा राग येतो राव.

तोवर बटण शिक्षकाच्या हातात आलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला. स्कॅन करा, कविता ऐका, धडा बघा, हवा तितक्यांदा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. २०२० ला गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

पण त्याच वर्षी शाळा बंद पडल्या आणि कळलं, कोड स्कॅन करायला घरात फोन तर पाहिजे! आणि असला तरी तो बापाबरोबर कामावर जातो. मग २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या पोरांसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. कार्यक्रम पुन्हा ठरलेल्या वेळेला, पुन्हा पॉज नाही. आणि ज्या घरात फक्त टीव्ही होता, तिथलं पोरगं त्या वेळेला बरोबर समोर येऊन बसायचं.