शाळेतले आणि घरातले गाणे

एकेकाळी संगीतविद्या घराण्यांपुरती मर्यादित होती. मुलींनी गाणे शिकणे तर प्रतिष्ठित कुटुंबांना मानवत नसे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून ती सर्वांस खुली केली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी सुलभ स्वरलिपी योजून सहा भागांची क्रमिक पुस्तकमालिका मराठीत सिद्ध केली. गाणे इयत्तावार शिकवता येऊ लागले. हीच परंपरा छत्तीसगडातही रुजली. खैरागडच्या राजघराण्याने कन्या इंदिरेच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये तेथे संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. भातखंड्यांचे शिष्य पं. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याचे कुलगुरुपद भूषवले.

मात्र शाळेच्या तासिकेत मिळतो तो सुरांचा पाया. त्याला घरच्या रियाजाची जोड हवी. रायपूरच्या मराठी घरांत तिचे मोल दुहेरी आहे. येथील मुलांच्या कानांवर दिवसभर हिंदी व छत्तीसगढी पडते. त्या भाषांत ‘ळ’ जवळजवळ नाही. तो जिभेवर बसतो आजीच्या पाळण्याने, भोंडल्याच्या फेराने, सांजवेळच्या आरतीने. पालकांनी ही गाणी मुलांना नुसती ऐकवू नयेत; त्यांच्यासवे गावीत. त्यातच सूरही टिकेल आणि मायबोलीही.