वेळासचं मार्केटिंग कुणी केलं? कासवांनी की घरोघरच्या काकूंनी?

मार्च उजाडला की इन्स्टाग्रामवर एक रील फिरायला लागते. चिमुकली कासवं वाळूवरून लगबगीनं समुद्राकडे निघालेली आणि दोरीच्या अलीकडे श्वास रोखून उभे असलेले लोक. गाव असतं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे यातले बरेच लोक आदल्या रात्री गावातल्याच कुणाच्या तरी घरी झोपलेले असतात.

तसं वेळासचं नाव आधीही माहितीतलं होतं. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे इथले. बाणकोटचा किल्ला जवळ, सावित्रीच्या खाडीपलीकडे हरिहरेश्वर. पण हरिहरेश्वरला आलेल्या माणसानं फेरीबोटीत बसून मुद्दाम इकडे यावं, असं फारसं काही नव्हतं.

ते कारण सापडलं २००२ मध्ये. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी किनारे फिरत होते. वेळासला त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी दिसली, पण अंडी गायब होती.

यात कासवाचाही एक स्वभाव आडवा येतो. मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वर वाळू सारखी करते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. वाळूवर तिच्या चालण्याचा माग मात्र उमटतो. तो धरून माणूस, कुत्री, कोल्हे, जो आधी पोहोचेल तो अंडी नेणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे कासव संरक्षित आहे, पण पहाटेच्या अंधारात किनाऱ्यावर कायदा येऊन उभा राहत नाही. तिथे गावातलाच माणूस लागतो.

मग गावातलीच मंडळी कासवमित्र झाली. पहाटे किनारा चालायचा, घरटं शोधायचं, अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात ठेवायची. पण नुसत्या कौतुकावर किती वर्षं पहाटे उठणार? गावाला यातून चार पैसे मिळायला हवे होते. त्यातून २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला.

लोक येणार, पण राहणार कुठे? हॉटेलं नव्हती. म्हणून घरं उघडली. पडवीत गाद्या, एकत्र पंगत, पानात घरचं जेवण, सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. आजोबांचा पहिला प्रश्न "कुठून आलात?", दुसरा "मूळ गाव कुठलं?" आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुणीतरी ओळखीचं निघतंच. कुठल्याही जाहिरात कंपनीला हे सुचलं नसतं असं मला वाटतं. अडचणीतून निघालेली सोय होती, तीच गावाची ओळख झाली.

आणि ती नसती तर महोत्सव टिकणं अवघड होतं. कारण कासवं तारीख देत नाहीत. अंड्यांतून पिल्लं यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर ते पुढेमागे होतं. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. कधी पिल्लंच पिल्लं, कधी एकही नाही. एरवी पर्यटक पैसे परत मागेल. इथे हिरमुसलेला माणूस घरी येऊन चहा पितो, बाणकोट बघून येतो आणि पुढच्या वर्षी कधी यायचं ते काकूंनाच विचारतो.

पाहुणचाराला कष्ट असतात, हेही बघायला हवं. शनिवार-रविवारी घरात वीस-पंचवीस माणसं असली की त्या काकू पहाटेपासून चुलीशी असतात. गर्दी वाढली की काहींना पिल्लू हातात धरून फोटो हवा असतो, काहींचा फ्लॅश चालूच असतो. नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं, त्यामुळे मोबाइलची टॉर्च त्याला चुकीची वाट दाखवते. अशा वेळी पाहुण्याला "फोन खिशात ठेवा" असं सांगायचं कामही यजमानावरच येतं. रात्री ज्यांच्या घरी जेवलोय, त्यांचं लोक सहसा ऐकतात.

पुढे दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यातही असाच महोत्सव सुरू झाला. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

तुम्ही जाणार असाल तर हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. निघण्याआधी ज्यांच्या घरी उतरणार आहात त्यांना फोन करून पिल्लं निघतायत का ते विचारा. आणि जेवायला किती माणसं असणार, तेही त्याच फोनवर सांगून टाका.